बार्बेक्यू ग्रिलची सफाई: जाळी चकचकीत, पण खाली काय साचलंय?

पावसाळाभर ताडपत्रीखाली किंवा जिन्याखाली पडून असलेले बार्बेक्यू दिवाळीनंतर बाहेर निघतात. गोव्यात डिसेंबरचे पाहुणे येऊ लागतात, बेळगाव-खानापूरकडे शेतघरावर रात्रीच्या बैठका सुरू होतात, इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत गच्चीवर निखारे पेटतात. कव्हर काढलं की दिसतं ते दृश्य बहुतेक घरांत सारखंच. जाळीवर पांढरट बुरशी, पायांना गंज, तळाशी दगडासारखी बसलेली राख आणि एखादं झुरळ. मग तारेच्या ब्रशने जाळी खसाखसा घासली जाते, वरून पाणी मारलं जातं आणि कोळसा पेटतो.

यात दोन गोष्टी चुकतात. धोकादायक घाण जाळीवर नसतेच, ती खाली असते. ओशट तेलाचा ट्रे, बर्नरच्या नळ्या, राखेचा तळ, हवेची छिद्रं. आणि तारेचा ब्रश हेच या कामातलं सगळ्यात वाईट हत्यार आहे. म्हणून सफाई कशी करावी यापेक्षा आधी कुठून करावी हे ठरवायला हवं.

घाण एकच नसते

ग्रिलवर साचणारा काळा थर एकजिनसी वाटतो, पण त्यात वेगवेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकावर उपाय निराळा. पहिला ताजा ओशटपणा. मांसातून गळलेली चरबी, पनीरवर लावलेलं तेल, दह्याच्या मसाल्याचे थेंब. हा साबणाच्या गरम पाण्याने निघतो. दुसरा, हेच तेल वारंवार तापून झालेला कडक, चकचकीत थर. बिडाच्या तव्यावर आपण मुद्दाम चढवतो तोच. जाळीवर तो पातळ असेल तर उपयोगाचाच असतो, गंजापासून राखतो आणि पदार्थ चिकटू देत नाही. पातळ थर खरवडून काढायचा हट्ट करू नये.

तिसरा प्रकार झाकणाच्या आतल्या बाजूचे काळे पापुद्रे. पुष्कळ लोकांना वाटतं की रंग उडतोय आणि ते ग्रिल भंगारात काढतात. बहुतेक वेळा तो रंग नसतो, धूर आणि तेल मिळून जमलेली काजळी असते. चौथी राख. कोरडी असताना निरुपद्रवी, ओली झाली की धातूची वैरीण. तिच्याबद्दल पुढे.

आपल्याकडच्या ग्रिलवर घाण लवकर चढते, कारण आपण नुसतं मीठ-मिरपूड लावून मांस भाजत नाही. टिक्क्याचं दही, रेशाद मसाल्यातला व्हिनेगर आणि साखर, गोव्याच्या चोरिसातून सुटणारी डुकराची चरबी, हैदराबादी कबाबांवर सोडलेलं तूप, हे सगळं गळतं आणि जळतं. दही आणि साखर जाळीला सगळ्यात घट्ट चिकटतात. शाकाहारी घरांतही सुटका नाही. पनीर आणि चीज वितळून बर्नरवर पडलं की मटणाच्या चरबीपेक्षा निघायला अवघड.

सुरुवात कुठून

ग्रिल पूर्ण थंड असावा. गॅसचा असेल तर रेग्युलेटर बंद करून सिलिंडर वेगळा काढून ठेवावा. खाली जुनी वर्तमानपत्रं किंवा पोती अंथरावीत. ओशट पाणी अंगणातल्या फरशीवर सांडलं की डाग महिनोन्‌महिने जात नाही आणि मुंग्या वेगळ्याच.

सगळ्यात आधी खालचा ट्रे रिकामा करायचा, जाळी नंतर. कारण साधं आहे. बरेच जण ग्रिल पेटवून, झाकण लावून, मोठ्या आचेवर घाण जाळून टाकतात. पद्धत चांगली आहे, पण खाली वाटीभर चरबी साचलेली असताना हे केलं तर ती पेट घेते आणि मग झाकणाच्या फटीतून ज्वाळा बाहेर येतात. ट्रे आधी काढून उलथन्याने खरवडावा, ओशट गाळ जुन्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. मोरीत किंवा गटारात ओतला तर तिथे थिजतो आणि पाइप तुंबतो. ट्रेमध्ये अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरायची सवय अनेकांना आहे. फॉइल बदलती ठेवली तर ठीक, पण तिच्या घड्यांत तेल साचतं आणि निचऱ्याचं भोक झाकलं जातं, हे लक्षात ठेवावं.

चरबीने पेट घेतलाच तर गॅस बंद करायचा, झाकण लावायचं, कोळशाचा ग्रिल असेल तर हवेची छिद्रं मिटायची. जवळ जाता येत असेल तर खाण्याचा सोडा किंवा कोरडी वाळू टाकायची. पाणी अजिबात नाही. उकळत्या चरबीवर पाणी पडलं की त्याची वाफ होते आणि ती पेटती चरबी चारी बाजूंना उडवते.

ट्रे साफ झाल्यावर मग जाळणं. गॅसचा ग्रिल झाकण लावून मोठ्या आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, माणसाने तिथून हलू नये. पावसाळ्यानंतर जाळीवर बुरशी दिसली तर हे करावंच, नुसतं पुसून भागत नाही. कोळशाच्या ग्रिलमध्ये निखाऱ्यांवर जाळी ठेवून झाकण लावलं तरी तेच होतं. हे काम उघड्यावरच. पाऊस आला म्हणून धगधगता ग्रिल गॅरेजमध्ये किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत ओढणं जिवावर बेतू शकतं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे गुंगी येईपर्यंत कळत नाही.

तारेचा ब्रश नको

ब्रशची एखादी तार, केसाएवढी जाड आणि नखाएवढी लांब, तुटून जाळीला चिकटते. तिथून ती टिक्क्यात जाते आणि टिक्क्याबरोबर घशात. ऐकायला अतिशयोक्ती वाटते, पण याची वैद्यकीय नोंद आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जुलै २०१२ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरातली प्रकरणं प्रसिद्ध केली. मार्च २०११ ते जून २०१२ या काळात तिथल्या एकाच रुग्णालय-समूहात असे सहा रुग्ण आले होते. कुणाच्या गळ्यात तार रुतली होती, तर कुणाच्या आतड्याला भोक पडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे २०१६ मध्ये मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ ते २०१४ या वर्षांची आकडेवारी तपासून, या काळात तिथल्या तातडीच्या विभागांत असे सोळाशेहून अधिक रुग्ण आले असावेत, असा अंदाज मांडला. आपल्याकडे बार्बेक्यू नवे आहेत, ब्रश मात्र तेच आहेत आणि बरेचसे त्याहून हलके.

मासे खाणाऱ्या घरांत घशात काटा अडकला की भाताचा गोळा किंवा केळं गिळायला सांगतात. तारेच्या बाबतीत हे करू नये, ती आणखी खोल रुतते. ग्रिलवरचं खाल्ल्यावर गिळताना टोचत असेल किंवा पोटात दुखू लागलं तर डॉक्टरांना ‘जाळी तारेच्या ब्रशने घासली होती’ हे स्पष्ट सांगावं. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये तार दिसू शकते. एमआरआयच्या चुंबकापुढे मात्र शरीरातली पोलादी तार हलू शकते, म्हणून तपासणी ठरण्याआधीच हे सांगणं महत्त्वाचं.

मग घासायचं कशाने? जाळी गरम असतानाच काम सोपं होतं. डोसेवाला तव्यावर अर्धा कांदा फिरवतो, तसाच काट्याला किंवा लांब चिमट्याला अर्धा कांदा लावून गरम जाळीवर घासावा. कांद्याच्या पाण्याची वाफ होते आणि चिकटलेला मसाला सुटतो. स्टीलच्या जाळीवर फॉइलचा चुरगळलेला बोळा चिमट्यात धरूनही चालतो. थर जाड असेल तर रंगारी लांबी भरायला वापरतात ती पट्टी किंवा लाकडी उलथनं. जाळी थंड झाल्यावर नारळाचं सोडण किंवा काथ्या. कोकण-गोव्यात यासाठी बाजारात जावंही लागत नाही. शेवटी ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसायच्या, कितीही भूक लागली असली तरी. घरातली तारेची घासणी वापरली असेल तर दुप्पट काळजीने, कारण तिचेही तुकडे पडतात.

जाळी कुठल्या धातूची?

बिडाची जाळी तव्यासारखी वागवायची. साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवली तर सकाळी लाल झालेली सापडेल. गरम असताना खरवडावी, पुसावी, तेलाचा हात फिरवून पुन्हा थोडी तापवावी, झालं. स्टीलची जाळी सोड्याच्या पाण्यात भिजवता येते. दहा लिटर गरम पाण्यात साधारण अर्धी वाटी धुण्याचा सोडा, त्यात रात्रभर, की सकाळी बरंचसं नुसत्या काथ्याने निघतं. एनॅमलचा मुलामा असलेली जाळी लोखंडी पट्टीने खरवडू नये आणि गरम असताना तिच्यावर पाणी मारू नये. मुलामा तडकतो आणि तिथून गंज आत शिरतो.

स्वस्त ग्रिलबरोबर येणारी क्रोमचा मुलामा दिलेली पातळ जाळी दोन-तीन हंगाम टिकते. मुलामा सुटू लागला की घासण्यात वेळ घालवू नये, जाळी बदलावी. आणि बांधकामाच्या दुकानातली जस्ताचा मुलामा असलेली जाळी कापून त्यावर भाजणं बंदच करावं. जस्त निखाऱ्यांवर तापलं की त्याचा धूर आरोग्याला वाईट.

शाकाहारी-मांसाहारी एकाच ग्रिलवर भाजणाऱ्या घरांत जाळी वेगळी ठेवतात. पण वेगळी जाळी ठेवून झाकण आणि ट्रे तोच असेल तर झाकणाला चिकटलेली चरबी गरम झाल्यावर पनीरवरच टपकते. ज्यांना हे खरोखर पाळायचंय त्यांनी झाकणही आतून धुवायला हवं.

झाकण आणि बर्नर

झाकणाचे पापुद्रे धुण्याआधी कोरडेच खरवडावेत, चुरगळलेला कागद किंवा प्लॅस्टिकची पट्टी पुरते. नंतर भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी. आतून चकाकलं पाहिजे असं काही नाही, पापुद्रे पडायचे थांबले म्हणजे पुरे.

गॅसच्या ग्रिलमध्ये पावसाळ्यानंतर न चुकता बघायची जागा म्हणजे बर्नरच्या नळीचं तोंड. परसात कुंभारीण माशी असतेच. तिला चिखलाचं घरटं करायला असलं भोक फार आवडतं. कोळीही जाळं विणतो. नळी तुंबली की गॅस पुढे जायच्या ऐवजी मागे येतो आणि ज्वाळा नॉबच्या बाजूला पेटते. बर्नर काढून नळीत पातळ, लवचीक ब्रश घालावा, नाही मिळाला तर तारेला फडकं गुंडाळून. ज्वाळेची बारीक छिद्रं पिनेने मोकळी करावीत, पण रुंद करू नयेत. काडी वापरली तर आत मोडते. बर्नर परत बसवताना नळीचं तोंड गॅसच्या नोजलवर नीट बसलंय ना, हे दोनदा पाहावं. ते बाजूला सरकलं तर गॅस नळीत न जाता पेटीतच साचतो.

सिलिंडर जोडला की बर्नरचे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करावा आणि पाइपच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावावा. फुगे वाढू लागले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजूनही आहेत. त्यांच्यापासून आणि त्यांच्या ग्रिलपासून लांब राहावं. परसात ठेवलेला रबरी पाइप उंदीर कुरतडतात, म्हणून तो हाताने चाचपून पाहावा. घरगुती सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो, वर्ष पाइपवरच छापलेलं असतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली की तो खालच्या पायरीवर, खड्ड्यात, गटारात उतरतो. गळतीच्या तक्रारीसाठीचा १९०६ हा क्रमांक देशभर एकच आहे, कर्नाटकात असा वा मध्य प्रदेशात.

पेटवताना झाकण उघडं हवं. पाच-दहा सेकंदांत पेटला नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबावं. ज्वाळा निळी असेल तर सफाई जमली. पिवळी, काजळी सोडणारी असेल तर हवेची वाट अजून अडलेली आहे.

राख: मित्र कधी, शत्रू कधी

कोळशाच्या गोल ग्रिलचा आकार १९५२ सालचा. शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाच्या अर्ध्या भागापासून तो बनवला. आच सांभाळण्याचं त्याचं सगळं कसब खालच्या आणि झाकणावरच्या छिद्रांत आहे. खालचं छिद्र राखेने बुजलं की लोणारी कोळसा धुमसत राहतो, पेटत नाही. मग ‘कोळसाच दमट आहे’ म्हणत त्यावर रॉकेल ओतलं जातं आणि कोंबडीला रॉकेलचा वास येतो. आधी छिद्र बघावं. त्याची फिरती चकती मोकळी करून थेंबभर खाद्यतेल सोडलं तर हंगामभर कुरकुर करत नाही.

आपल्या आज्या राखेने भांडी घासत, ते उगाच नव्हे. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात आणि तेलाशी मिळून त्यांचा हलका साबण होतो. पण हेच क्षार ओल्या राखेतून दिवसचे दिवस धातूला लागून राहिले तर पत्रा खातात, अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे तर आणखी लवकर. हवेतला दमटपणासुद्धा राख शोषून घेते. म्हणजे मार्चमध्ये राख तशीच टाकून ग्रिल झाकला, तर ऑक्टोबरमध्ये तळाला भोक सापडणं यात नवल नाही. भाजून झालं की दुसऱ्या दिवशी राख काढणं ही एकच सवय ग्रिलचं आयुष्य दुप्पट करते म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी म्हटलं ते मुद्दाम. वरून विझलेल्या राखेत निखारे चोवीस तासांहून जास्त जिवंत राहू शकतात. प्लॅस्टिकच्या डब्यात, पालापाचोळ्याच्या ढिगाऱ्यात किंवा पोत्यात राख टाकल्याने आगी लागतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, फरशीवर, दोन दिवस ठेवावी आणि मग टाकावी.

ही राख झाडाला घालायची का, हे कुठली माती यावर ठरतं. गोवा, कोकण, खानापूरकडची जांभी माती आम्ल असते, तिथे माडाच्या आळ्यात मूठ-दोन मूठ राख घालण्याची जुनी रीत योग्यच आहे. बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडची, माळव्यातली किंवा वडोदऱ्याभोवतीची काळी जमीन मुळातच क्षाराकडे झुकलेली, तिथे राख नको. आणि हे साध्या लाकडी कोळशापुरतंच. तयार विटांसारख्या दाबलेल्या कोळशात चिकटवायचे पदार्थ मिसळलेले असतात, त्याची राख कचऱ्यातच जावी.

बाटल्या आणि डबे

यूट्यूबवर सगळ्यात जास्त दाखवला जाणारा उपाय म्हणजे खाण्याचा सोडा टाकून त्यावर व्हिनेगर ओतणं. फेस खूप येतो, काम थोडंच होतं. सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. सोड्याची पेस्ट वेगळी लावावी, ती ओशटावर चालते. व्हिनेगर किंवा लिंबू वेगळं वापरावं, ते पाण्याच्या पांढऱ्या डागांवर आणि हलक्या गंजावर चालतं.

कॉस्टिक सोडा आणि त्यावर आधारलेले ओव्हन क्लीनर तेलाचा जुना थर झटकन काढतात, पण अ‍ॅल्युमिनियमला खातात आणि कातडीलाही. वापरायचेच तर फक्त स्टीलवर, हातमोजे आणि चष्मा घालून, नंतर भरपूर पाण्याने धुऊन. संडास धुण्याचं अ‍ॅसिड स्टीलवर कधीच नको, बारीक खड्डे पडतात आणि गंज तिथेच बसतो. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो. ‘दोन्ही टाकलं की लवकर निघेल’ या हिशेबाने घरोघरी माणसं खोकत बाहेर धावलेली आहेत.

पिंपाचे ग्रिल

सीमाभागात आणि गोव्यात बरेच ग्रिल दुकानातून आलेले नसतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून अर्धं कापलेलं लोखंडी पिंप, अँगलचे पाय आणि वर जाळी, झालं बार्बेक्यू. टिकाऊ असतात. फक्त पिंपात आधी काय होतं हे विचारावं. रसायनाचं, रंगाचं किंवा औषधाचं पिंप असेल, किंवा काही माहीतच नसेल, तर ते अन्नाच्या कामाचं नाही, कितीही जाळलं तरी. साफ करायला हे सोपे. राख काढली, गंज पॉलिश पेपरने घासला, आतून तेलाचा हात दिला आणि एकदा रिकामंच पेटवलं की पुरे. तळाला निचऱ्याचं भोक नसेल तर पाडून घ्यावं. पावसाचं पाणी साचून पिंप तळातूनच कुजतं.

पावसाआधी

वर्षातून दोनदा सगळं काढून धुवावं, दसऱ्यानंतर आणि जूनच्या आधी. त्यातली जूनची सफाई जास्त महत्त्वाची, आणि तीच टाळली जाते. खंडेनवमीला गाड्या-अवजारं धुऊन पुसून पुजली जातात, ग्रिलला तो मान अजून मिळालेला नाही. मिळाला असता तर अर्ध्या ग्रिलचा गंज वाचला असता.

जूनआधी धुतल्यावर ग्रिल दिवसभर कडक उन्हात वाळवावा, जोडांत ओल राहू देऊ नये. जाळ्यांना तेलाचा हात देऊन कागदात गुंडाळून घरात ठेवाव्यात. किनाऱ्याजवळ खारी हवा स्टीललाही सोडत नाही, तिथे अधूनमधून गोड्या पाण्याने पुसून कोरडं करावं लागतं. प्लॅस्टिकचं कव्हर अगदी घट्ट बांधलं तर आत घाम धरतो आणि बुरशी येते, खालून थोडी हवा खेळती हवी. सिलिंडर उभाच, हवेशीर जागी, ग्रिलपासून वेगळा. बर्नरच्या नळ्यांची तोंडं बारीक जाळीच्या तुकड्याने झाकली तर कुंभारीण दुसरं घर शोधते. उरलेला कोळसा झाकणाच्या डब्यात भरावा, पोत्यात ठेवला तर ओल धरतो. आणि तारा गळू लागलेला तो ब्रश पुढच्या हंगामासाठी जपून ठेवू नये, तो भंगारात द्यावा.